घर राखण्याचा हक्क व त्याची मर्यादा

आपलें घर, आपलीं मुलेंबाळें व आपल्या कष्टानें मिळविलेली चीजवस्तु यांचें रक्षण करणें हा मनुष्याचा हक्क आहे, ही गोष्ट सिद्ध करून दाखविण्याची कोणास गरज वाटत नाहीं. चोर घरांत शिरला असतां घरधन्यानें डोळे मिटून स्वस्थ पडून रहावें, असें कायदाही सांगत नाहीं आणि सामान्य माणसाची बुद्धिही सांगत नाहीं. परंतु ज्या हक्काविषयीं कोणाचा वाद नसतो, त्याची मर्यादा कोठें आहे याचा विचारही सहसा कोणी करीत नाहीं. हक्क सर्वांच्या तोंडीं असतो. मर्यादा मात्र बहुधा प्रसंग होऊन गेल्यावर न्यायालयांत समजते. आमच्या खानदेशांत, धुळें जिल्ह्यांत, २०१८ सालीं असा एक प्रसंग घडला कीं, त्यानें हा प्रश्न प्रत्येक गांवाच्या वेशींत आणून उभा केला. त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वीं कायदा काय म्हणतो व तसें कां म्हणतो, हें आपण नीट समजून घेऊं.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, कायदा चोराचा कैवार घेतो आणि घरधन्याचे हात बांधतो. ही समजूत खरी नव्हे. १८३७ सालीं मेकॉले व त्याचे सहकारी यांनीं या देशासाठीं दंडसंहितेचा पहिला मसुदा सादर केला, तेव्हां त्यांनीं आपला हेतु उघड सांगितला होता. येथील लोक जुलूम निमूटपणें सोसतात, हाच दोष अधिक आहे. तेव्हां आत्मरक्षणाच्या हक्कावरील बंधनें वाढविण्यापेक्षां लोकांच्या अंगीं धैर्य यावें हें बरें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढें १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेंत ९६ पासून १०६ पर्यंतच्या कलमांत हा हक्क नमूद झाला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता अंमलांत आली. तिच्या ३४ पासून ४४ पर्यंतच्या कलमांत तोच हक्क जवळ जवळ जसाच्या तसा ठेविलेला आहे.

हा हक्क किती विस्तृत आहे तें पहा. मनुष्यास आपल्या शरीराचें रक्षण करतां येतें. इतकेंच नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्याही शरीराचें रक्षण करतां येतें. आपल्या मालमत्तेसाठीं तसेंच शेजाऱ्याच्या मालमत्तेसाठींही त्याला उभें राहतां येतें. हल्लेखोर जीव घेईल किंवा जबर दुखापत करील अशी वाजवी भीति असेल, स्त्रीवर बलात्काराचा प्रसंग असेल, अथवा पळवून नेण्याच्या हेतूनें कोणावर हल्ला झाला असेल, तर रक्षण करणाऱ्याच्या हातून हल्लेखोराचा प्राण गेला तरी तो गुन्हा होत नाहीं. मालमत्तेच्या बाबतींतही जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं केलेली घरफोडी, आणि मनुष्यें राहतात अशा ठिकाणास लावलेली आग, या प्रसंगीं हा हक्क तितकाच लांब जातो. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यांत असें सांगितलें आहे कीं, संकटांत सांपडलेल्या मनुष्यानें भित्र्याप्रमाणें पळून गेलेंच पाहिजे असें नाहीं, आणि त्या क्षणीं त्यानें केलेला प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलून पाहूं नये. ज्यास वाटतें कीं कायदा घरधन्याचा शत्रु आहे, त्यानें हें ध्यानांत घ्यावें.

आतां या कायद्यांतील एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे. घर फोडणारा रात्रीं आला तर कायदा एक बोलतो आणि दिवसां आला तर दुसरें बोलतो. हा भेद अलीकडे कोणीं तरी काढलेला नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांत, निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायांत, हाच भेद आहे. भिंत फोडतांना सांपडलेला चोर मारला गेला तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाहीं. पण सूर्य उगवल्यावर तसें घडलें तर दोष आहे. ख्रिस्तापूर्वीं सुमारें ४५० वर्षांच्या काळांतील रोमी लोकांच्या बारा पाट्यांवरील कायद्यांतही रात्रींच्या चोरास ठार करणें क्षम्य मानिलें होतें. दिवसाच्या चोरास मात्र तो शस्त्र घेऊन उलटला तरच. देश निराळे, भाषा निराळ्या, देवधर्म निराळे. तरी तीन ठिकाणच्या कायदेकारांनीं सूर्याकडे बोट दाखवावें, याला कांहीं कारण असलें पाहिजे.

चोर रात्रीं अधिक पापी असतो आणि दिवसां कमी पापी असतो, असें तर नाहीं. चोरी तीच, चोरही तोच. मग फरक कोणांत पडतो? फरक घरधन्यांत पडतो. रात्रीं अंधारांत त्याला कळत नाहीं कीं, आलेला मनुष्य कोण आहे, एकटा आहे कीं चौघे आहेत, त्याच्या हातांत काय आहे, तो भांडीं न्यावयास आला आहे कीं जीव घ्यावयास. विचारावें तर वेळ नाहीं, हांक मारावी तर शेजार निजलेला. म्हणून त्याच्या अज्ञानाची कायदा कींव करतो आणि त्याचा हात मोकळा सोडतो. दिवस उजाडला म्हणजे तें निमित्त उरत नाहीं. उजेडांत पाहतां येतें, विचारतां येतें, चार माणसें गोळा करतां येतात. ज्याला जाणून घेतां येतें त्यानें जाणून घेतलेंच पाहिजे, हा या भेदाचा गाभा होय. घर राखण्याचा हक्क चोराच्या पापावर उभा नाहीं. तो राखणाराच्या गरजेवर व त्याच्या जाणण्यावर उभा आहे.

हें एकदां समजलें म्हणजे कायद्यानें घातलेल्या मर्यादा मनमानी वाटत नाहींत. पहिली मर्यादा अशी कीं, सरकारी अधिकाऱ्यांकडे धांव घेण्यास अवसर असेल तर हा हक्क नाहीं. दुसरी अशी कीं, रक्षणापुरतें आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करतां येत नाहीं. तिसरी अशी कीं, धोका उत्पन्न झाल्याबरोबर हक्क उत्पन्न होतो आणि धोका संपला कीं तो संपतो. हा हक्क म्हणजे शिक्षा करण्याचा अधिकार नव्हे. आलेलें संकट परतवून लावणें हें एक, आणि संकट आणणाऱ्याला त्याच्या कृत्याचें फळ देणें हें दुसरें. पहिलें काम घरधन्याचें आहे. दुसरें न्यायासनाचें आहे.

आपल्याकडचींच उदाहरणें घ्या. रावेर-यावल भागांतील केळीच्या बागेंतून दिवसां कोणी दोन घड उतरवून नेत असेल तर बागवानानें त्याला अडवावें, घड हिसकावून घ्यावे, झटापट झाली तर जरूर तितका जोर करावा. परंतु दोन घडांसाठीं त्याचा जीव घेण्याची मुभा कायदा देत नाहीं. चोर पकडला गेला, त्याचे हात बांधले, तो झाडाखालीं बसला; तेथें रक्षण संपलें. त्यानंतर त्याच्या पाठीवर पडणारी प्रत्येक काठी हा नवा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा चोराचा नव्हे, काठी उगारणाऱ्याचा आहे. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्यास साध्या नागरिकानेंही पकडावें असें कायदा म्हणतो. पण आजच्या नियमाप्रमाणें पकडलेल्या मनुष्यास विनाकारण विलंब न लावतां, सहा तासांच्या आंत, पोलिसांच्या स्वाधीन केलें पाहिजे. रानडुकरांसाठीं म्हणून शेताच्या कुंपणांत वीज सोडून ठेवण्याची जी घातक रीत कित्येक ठिकाणीं पडली आहे, तिचाही विचार येथें करण्याजोगा आहे. तारेला डोळे नसतात. चोर कोण, डुक्कर कोणतें, आणि वाट चुकलेलें शेजाऱ्याचें पोर कोणतें, हें तिला कळत नाहीं. जें रक्षण पाहूं शकत नाहीं, विचारूं शकत नाहीं व थांबूं शकत नाहीं, त्याला रक्षण हें नांव देतां येत नाहीं.

आतां त्या प्रसंगाकडे येऊं. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यांतील पिंपळनेरच्या बाजूस राईनपाडा म्हणून एक लहान गांव आहे. वस्ती मुख्यतः आदिवासी. त्या दिवशीं तेथें आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पांच पुरुष तेथें आले. ही जमात भिक्षा मागून व पालांत राहून गांवोगांव फिरणारी. आलेल्यांपैकीं बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढें तालुक्याकडचे. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, असे निरोप त्या दिवसांत घरोघरच्या मोबाईलवर व्हॉट्सॲपनें येत होते. पांचांपैकीं एक जण एका लहान मुलीशीं बोलतांना दिसला असें सांगतात. तेवढ्यावरून ओरड झाली, लोक जमले, त्या पांचांस मारीत मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेण्यांत आलें, आणि तेथें त्या खोलींत त्यांना प्राण जाईपर्यंत मारण्यांत आलें. ते मुलें पळविणारे नव्हते. त्यांचा अपराध एवढाच कीं, ते परके होते आणि त्यांना ओळखणारें तेथें कोणी नव्हतें.

ज्यांनीं मारलें त्यांच्याविषयीं दूर बसून निकाल देणें सोपें आहे. हे लोक रानटी आहेत असें म्हणून शहरांतील मनुष्य वर्तमानपत्र घडी करून ठेवतो. परंतु विचारी वाचकानें इतक्या लवकर सुटूं नये. आपल्या मुलाविषयींची भीति खोटी नसते. ज्याच्याजवळ शेत नाहीं, पैसा नाहीं, ज्याला मजुरीसाठीं गुजराथेकडे जावें लागतें व पोरें म्हाताऱ्या आईजवळ ठेवावीं लागतात, त्याचें सारें धन म्हणजे तीं पोरें. आणि वर सांगितलेंच आहे कीं, पळवून नेण्याच्या हेतूनें खरोखर हल्ला झाला असेल तर मूल वाचविण्यासाठीं कोणत्याही थरास जाण्याची परवानगी कायदाच देतो. तेव्हां राईनपाड्याच्या लोकांनीं विचारलें असतें कीं, आम्हीं आमचीं मुलें राखलीं यांत आमचें काय चुकलें, तर त्यांना नुसतें रागें भरून चालणार नाहीं. त्यांना उत्तर दिलें पाहिजे.

उत्तर असें आहे. मनांतील भीति खरी असणें निराळें आणि त्या भीतीला आधार असणें निराळें. कायदा चुकीच्या समजुतीलाही क्षमा करतो, हें खरें. रात्रीं खिडकींतून उडी टाकणारा आपलाच भाऊ निघाला, पण तो चोर आहे असें घरधन्यास प्रामाणिकपणें वाटलें, तर कायदा त्याची बाजू ऐकून घेतो. मात्र ती समजूत सद्भावाची असली पाहिजे, अशी अट आहे. आणि सद्भाव या शब्दाचा कायद्यांतील अर्थ केवळ मन निर्मळ असणें हा नाहीं. जी गोष्ट योग्य ती काळजी व लक्ष न देतां केली किंवा मानली, ती सद्भावानें केली असें म्हणतांच येत नाहीं, अशी व्याख्या संहितेंत दिलेली आहे. या एका व्याख्येंत मोठें नीतिशास्त्र भरलेलें आहे. मला तसें वाटलें, एवढें म्हणणें पुरत नाहीं. वाटण्यापूर्वीं तूं पाहिलेंस काय, विचारलेंस काय, थांबलास काय, असें कायदा विचारतो. न तपासलेली भीति ही कितीही तीव्र असली तरी ती हक्काला जन्म देत नाहीं.

ही कसोटी त्या दिवसास लावून पहा. रात्र नव्हती, दिवस होता. एकटें घर नव्हतें, भरलेला बाजार होता. समोर पांच निःशस्त्र माणसें होतीं आणि भोंवतीं शेंकडों. कोणाचेंही मूल हरवलेलें नव्हतें. त्या पांचांना खोलींत कोंडल्यावर तर पळून जाण्याची किंवा कोणास इजा करण्याची शक्तिही त्यांच्यांत उरली नव्हती. त्या क्षणीं सारा धोका, होता असें मानलें तरी, संपलेला होता. नांव विचारण्यास वेळ होता, गांवीं फोन लावण्यास वेळ होता, पोलीस येईपर्यंत दाराला कुलूप लावून बसण्यास वेळ होता. ज्या मोबाईलवर भीति आली त्याच मोबाईलवरून खरें काय तें विचारतां आलें असतें. त्या काळीं देशभर मुलें पळविल्याच्या ज्या चित्रफिती फिरत होत्या, त्यांपैकीं एक तर कराची येथील एका संस्थेनें आईबापांस सावध करण्यासाठीं तयार केलेल्या जाहिरातीचा कापलेला तुकडा होता. शेवटीं मूल परत आणून सोडल्याचा भाग तेवढा काढून टाकलेला होता. अशा तुकड्यावर विश्वास ठेवून पांच जीव गेले.

कोणी म्हणेल, हें सारें खरें. पण पोलीसठाणें कोसांवर, साहेब येतील तेव्हां येतील, आणि पकडलेला मनुष्य उद्यां जामिनावर सुटून येईल. मग गांवानें काय करावें? हें गाऱ्हाणें पोकळ नाहीं. ज्या राज्याला गांवापर्यंत वेळेवर पोहोंचतां येत नाहीं, तें राज्य आपल्या कर्तव्यांत उणें पडतें, आणि त्याचा दोष गांवकऱ्यांच्या माथीं मारतां येणार नाहीं. म्हणूनच तर कायद्यानें रक्षणाचा हक्क घरधन्याच्या हातीं ठेविला आहे. परंतु पोलीस दूर आहेत यावरून इतकेंच निघतें कीं, पकडून ठेवण्याचें काम गांवाला अधिक वेळ करावें लागेल. त्यावरून मारण्याचा अधिकार निघत नाहीं. न्याय उशिरा मिळतो म्हणून जो आजच निकाल लावतो, तो न्याय लवकर आणीत नाहीं. तो न्यायाची वाट कायमची बंद करतो. कारण चुकून कोंडलेल्या माणसाचें दार उघडून त्याची क्षमा मागतां येते. मेलेल्याची मागतां येत नाहीं.

परक्याविषयीं संशय बाळगणें हेंच शहाणपण आहे, असेंही कोणी म्हणेल. या बाबतींत खानदेशचाच इतिहास आपणांस शिकवील. १८१८ सालीं हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत आला, तेव्हां भिल्ल म्हणजे लुटारू, असाच सूर सरकारी कागदांत असे. आणि त्याच काळीं गांवोगांवचे जागले पुष्कळ ठिकाणीं भिल्लच असत. रात्रीं गांव निजे तें त्यांच्या भरंवशावर. १८२५ सालीं औट्राम यानें भिल्लांचीच पलटण उभी केली आणि त्यांच्याच हातीं मुलखाची राखण दिली. म्हणजे ज्याला चोर म्हणावें तोच राखणदार निघाला. पुढें १८७१ सालीं असा कायदा झाला कीं, त्यानें कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. तो डाग पुसण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. जातीवरून, वेषावरून, परक्या बोलीवरून मनुष्याचा हेतु कळत नाहीं, हें ज्यांनीं आपल्या अंगावर सोसलें, त्यांच्याच पोरांच्या मुलखांत पुन्हां तीच चूक दुसऱ्या भटक्यांविषयीं व्हावी, याहून दुःखाची गोष्ट कोणती?

आणखी एक गोष्ट विसरली जाते. घराला आग लावणाऱ्याविरुद्ध रक्षणाचा हक्क देतांना कायद्यानें केवळ इमारतीचें नांव घेतलेलें नाहीं. तंबू व नौका यांचेंही घेतलें आहे. ज्या पालांत माणूस निजतो, चूल पेटवितो, पोरांना जोजवितो, तें पाल कायद्याच्या दृष्टीनें चिरेबंदी वाड्याइतकेंच घर आहे. भटक्याला घर नसतें असें आपण बोलतों, तें चुकीचें आहे. त्याचें घर रस्त्यानें चालतें इतकेंच. राईनपाड्यांत आपलीं घरें राखण्याच्या नांवाखालीं पांच घरें मोडलीं गेलीं.

आणि त्या दिवशीं रक्षणाचा खरा हक्क कोणाच्या बाजूस होता, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. तो त्या पांचांच्या बाजूस होता. दुसऱ्या कोणाच्याही शरीराचें रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे, असें जें वर सांगितलें, त्याचा अर्थ असा कीं, त्या जमावांतून एखादा पुरुष किंवा एखादी बाई पुढें येऊन त्या कचेरीच्या दारांत आडवी उभी राहिली असती, तर कायद्यानें तिची पाठ राखली असती. उलट, मी काठी उचलली नाहीं, मी नुसता जमावांत होतों, असें म्हणणाराही सुटतोच असें नाहीं. बेकायदा जमावाच्या समान उद्देशानें जो गुन्हा घडतो, त्याचा भार त्या जमावांतील प्रत्येकावर पडतो.

दार आडवें धरणारीं माणसें असतात, हें त्याच दिवशीं दिसून आलें. राईनपाड्याची ही घटना घडली त्याच रात्रीं शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत, मालेगांवच्या आझादनगर भागांत, भिक्षा मागणाऱ्या पांच जणांना हाच आळ घालून लोकांनीं घेरलें. त्यांत एक दोन वर्षांचें मूल होतें. जमाव हजाराच्या वर गेला होता. तेथें मात्र त्यांना एका घराच्या आंत घेऊन सुरक्षित ठेवण्यांत आलें, आणि रहिवासी व पोलीस यांच्या धैर्यानें ते पांचही जिवंत बाहेर पडले. निरोप तेच, भीति तीच, दिवसही तोच. एका ठिकाणीं बंद दाराच्या आंत माणसें मारलीं गेलीं आणि दुसऱ्या ठिकाणीं बंद दारानें माणसें वाचविलीं. घराचें रक्षण म्हणजे काय, हें या दोन दारांवरून जितकें कळतें तितकें कलमांवरून कळत नाहीं.

पुढें जें व्हावयाचें तें झालें. त्याच महिन्याच्या १७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें तहसीन पूनावाला यांच्या खटल्यांत जमावाच्या हत्यांविरुद्ध राज्यांना कडक सूचना दिल्या. व्हॉट्सॲपनेंही त्याच महिन्यांत भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये अशी मर्यादा घातली. २०२४ सालीं धुळें येथील न्यायालयानें राईनपाडा प्रकरणीं सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. नव्या न्याय संहितेंत, वंश, जात, जन्मस्थान, भाषा इत्यादि कारणांवरून पांच किंवा अधिक जणांनीं मिळून केलेल्या खुनासाठीं निराळें पोटकलम घातलें आहे व त्यास मृत्युदंड अथवा जन्मठेप सांगितली आहे. हें सारें योग्यच झालें. परंतु शिक्षा झालेल्या त्या सात जणांच्या घरींही मुलें असतील, हा विचार मनांतून जात नाहीं. मुलें राखावीं म्हणून जे जमावांत गेले, ते आपल्याच मुलांना मुकले.

तेव्हां गांवानें काय करावें? भीति येऊन उभी राहिल्यावर विचार सुचत नाहीं. म्हणून तो आधींच, शांतपणीं, पारावर व मंडळींत बसून ठरवून ठेवावा. परका मनुष्य संशयास्पद वाटला तर प्रथम त्याचें नांव, गांव व काम विचारावें, आणि विचारणारांत एक तरी वडीलधारें माणूस असावें. तूं स्वतः काय पाहिलेंस, असें ओरड करणाऱ्यास विचारावें. मी ऐकलें, मला निरोप आला, हें उत्तर पुरें समजूं नये. पोलीसपाटलास बोलवावें आणि ११२ या क्रमांकावर फोन लावावा. माणसास थांबवून ठेवावें लागलेंच तर सावलींत बसवावें, पाणी द्यावें, आणि त्याच्यावर हात पडणार नाहीं याची हमी दोघां-चौघांनीं आपल्या अंगावर घ्यावी. आणि ज्याची खात्री आपण केली नाहीं असा निरोप दुसऱ्यास पाठवूं नये. कारण न पाहतां भीति पुढें ढकलणारा मनुष्य कुंपणांत वीज सोडणाऱ्यासारखाच आहे. पुढें तिला कोण लागेल, हें त्याला ठाऊक नसतें.

रात्रीं दार वाजलें आणि घरांत लेंकरें निजलेलीं असलीं, तर घरधन्यानें उठावें, हातांत काठी घ्यावी, आणि भिऊं नये. तो हक्क त्याचा आहे व तो कोणीं काढून घेतलेला नाहीं. परंतु काठीच्या आधीं त्यानें कंदील उचलावा. उजेडांत समोरच्याचें तोंड दिसतें, आणि तोंड दिसल्यावर कित्येकदां काठीची गरजच उरत नाहीं.